कुत्र्याचं नाक: ओलं-कोरडं सोडा, नक्षी बघा

नाक ओलं आणि थंड म्हणजे कुत्रा ठणठणीत, कोरडं आणि गरम म्हणजे ताप, ही समजूत आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की कुत्रा जरा मलूल दिसला की घरातलं प्रत्येक जण येऊन त्याच्या नाकाला बोट लावून जातं. या बोट लावण्यातून फारसं काही कळत नाही. झोपून उठलेल्या कुत्र्याचं नाक कोरडंच असतं. दिवसभर एसीत पडून राहिलेल्याचं असतं, म्हाताऱ्या कुत्र्याचं तर बहुतेक वेळ असतं. उलट डिस्टेंपर या विषाणूच्या आजाराने तापलेल्या पिल्लाचं नाक शेंबडामुळे ओलंचिंब असू शकतं. ताप बघायचाच असेल तर थर्मामीटर गुदद्वारात लावून बघावा. कुत्र्यांचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं, तेव्हा माणसाच्या हिशेबाने १०१ दिसले म्हणून घाबरायचं कारण नाही.

नाकाकडे बघायचं ते कातडीसाठी. तिथे तीन गोष्टी तपासायच्या: शेंड्यावरची नक्षी शाबूत आहे का, रंग बदललाय का, आणि त्रास नेमका कुठे आहे. उघड्या काळ्या शेंड्यावर, की त्याच्या मागच्या केसाळ भागावर? एका बाजूला, की दोन्हीकडे? एवढ्यावर डॉक्टरांचं निम्मं काम होतं, आणि हे तपासायला पदवी लागत नाही.

शेंडा म्हणजे दोन नाकपुड्यांभोवतीचा बिनकेसांचा भाग. फोनचा कॅमेरा झूम करून बघितलात तर सीताफळाच्या सालीसारखी बारीक, उंचसखल नक्षी दिसेल. ही नक्षी प्रत्येक कुत्र्याची वेगळी असते, म्हणून आपल्या बोटांसारखे कुत्र्यांच्या नाकाचे ठसेही ओळख पटवायला वापरतात. या कातडीत तेल सोडणाऱ्या ग्रंथी नसतात. अंगावरच्या कातडीला मिळतं ते घरचं तेल हिच्या नशिबी नाही. ओलावा इथे बाहेरून येतो: नाकाच्या आतल्या एका ग्रंथीतून झिरपणारं पाणी, डोळ्यांतून नळीवाटे नाकात उतरणारे अश्रू आणि सतत फिरणारी जीभ. पग आणि बुलडॉगची जीभ शेंड्याच्या वरच्या भागापर्यंत नीट पोचतच नाही, त्यामुळे त्यांचं नाक वरून कोरडं दिसणं हा बऱ्याचदा बांध्याचा दोष असतो, आजार नव्हे. ओलसर शेंडा थंड राहतो आणि त्या थंडपणाचा कुत्र्याला उपयोगही होतो. २०२० साली स्वीडन आणि हंगेरीतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की कुत्र्यांना या शेंड्याने लांबच्या वस्तूची मंद उष्णताही जाणवते.

साल चढणं

सगळ्यात जास्त दिसणारी तक्रार म्हणजे शेंड्यावर साल चढणं. कातडीचा वरचा मेलेला थर एरवी नकळत झडून जातो. तो झडला नाही, किंवा प्रमाणाबाहेर तयार झाला, की करडे-तपकिरी पापुद्रे साचतात, त्यांचे टोकदार काटे होतात. पुढे भेगा पडतात, रक्त येतं, भेगेत जंतू शिरले की नाक दुखायला लागतं. म्हाताऱ्या कुत्र्यांत हे वयाने होतं. कॉकर स्पॅनियल, बुलडॉग, बॉक्सर यांच्यात जास्त. कुत्रा नीट खातोय, खेळतोय, पंजे मऊ आहेत आणि नाकाचा रंग तसाच आहे, तर हे प्रकरण काळजीचं कमी आणि चिकाटीचं जास्त.

लॅब्रॅडॉरमध्ये मात्र हेच तरुणपणी दिसतं. सहा महिने ते वर्षाच्या आतबाहेरचं पिल्लू, अंगाने धडधाकट, आणि नाकावर खरखरीत साल. हा आनुवंशिक प्रकार आहे. एसयूव्ही३९एच२ नावाच्या जनुकातल्या बिघाडामुळे तो होतो, हे २०१३ मध्ये सिद्ध झालं. आई आणि बाप दोघांकडून बिघडलेली प्रत मिळाली तरच पिल्लाला त्रास होतो. म्हणून दोन्ही पालकांची नाकं गुळगुळीत काळी असूनही पिल्लं अशी निघू शकतात. याची जनुकीय चाचणी आहे, पण आपल्याकडे लॅबची पिल्लं विकणारे तिच्या वाटेला जात नाहीत. आजार बरा होत नाही, पण जिवाला धोका नाही. आयुष्यभर नाकाला मऊ ठेवत राहायचं.

ते कसं, ते नीट सांगतो, कारण इथेच बहुतेकांचं चुकतं. नुसतं तेल किंवा जेली वरून फासून उपयोग नाही. आधी पाणी, मग तेलकट पदार्थ. मऊ सुती कापड कोमट पाण्यात बुडवून, पिळून, शेंड्यावर पाच ते दहा मिनिटं धरायचं. नाकपुड्या मोकळ्या राहतील असं धरा, नाहीतर कुत्रा एका मिनिटात उठून जाईल. साल ओली होऊन फुगली की लगेच पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. आतलं पाणी उडून जाऊ नये यासाठी ती असते. आणि लावल्याबरोबर कुत्र्याला जेवायला घाला किंवा फिरायला काढा. नाकाला लावलेली प्रत्येक गोष्ट मिनिटाभरात पोटात जाते. तिला निदान दहा-पंधरा मिनिटं नाकावर राहू द्यायची असेल, तर जिभेला दुसरं काम द्यावं लागतं. सुरुवातीला रोज, फरक पडला की आठवड्यातून दोनदा पुरतं. खोबरेल तेल चालतं, फक्त कुत्र्याला ते आवडतं, त्यामुळे टिकत नाही. साल फारच जाड असेल तर डॉक्टर प्रॉपिलीन ग्लायकॉल पाण्यात निम्मेनिम करून लावायला सांगतात, किंवा युरिया किंवा सॅलिसिलिक आम्ल असलेलं जेल देतात. भेगा उघड्या असताना ही औषधं झोंबतात, तेव्हा ती आपल्या मनाने सुरू करू नयेत. आणि पापुद्रे नखाने सोलायचे नाहीत, कात्रीने तर मुळीच नाही. नाकाला रक्तपुरवठा भरपूर असतो, एक काटा खेचला की रक्त थांबता थांबत नाही.

साल फक्त एकाच बाजूला चढली असेल तर प्रकरण कातडीचं नाहीच. अर्धं नाक ओलं आणि अर्धं करकरीत कोरडं, असं दिसलं तर त्याच बाजूचा डोळा बघा. तो निस्तेज, चिकट पिवळ्या घाणीने भरलेला असण्याची शक्यता मोठी. अश्रूंच्या आणि नाकाच्या ग्रंथींना जाणारे मज्जातंतू चेहऱ्याच्या मुख्य मज्जातंतूबरोबर कानाजवळून जातात. जुनाट कानदुखी आत मधल्या कानापर्यंत पोचली की ते दुखावले जातात. वर्षानुवर्षं कान वाहणाऱ्या कॉकरच्या बाबतीत हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. डॉक्टर डोळ्याच्या कडेला एक कागदाची पट्टी मिनिटभर ठेवून अश्रू मोजतात; साधारण १५ मिलिमीटरच्या वर ओल चढली तर ठीक. इथे जेली लावून नाक मऊ होईल, पण डोळा जाईल.

आणि साल नाकावरही आहे, पंजांच्या गाद्यांवरही आहे, कुत्रा लहान आहे आणि लसी झालेल्या नाहीत, तर आधी डिस्टेंपर आठवायचा. ताप, डोळ्यानाकातून घाण, खोकला, जुलाब होऊन पिल्लू जरा सावरलं असं वाटतं, आणि काही आठवड्यांनी गाद्या आणि नाक दगडासारखे होतात. इंग्रजीत या आजाराचं जुनं नावच ‘हार्ड पॅड’ होतं. नंतर जबडा किंवा पाय उडायला लागला तर विषाणू मेंदूपर्यंत गेलेला असतो. यावर नेमकं औषध नाही; लस आहे, आणि ती चांगली आहे. सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करून सोळाव्या आठवड्यापर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी द्यायची असते. पहिला डोस झाला की लसीकरण झालं असं मानून पिल्लाला सोसायटीच्या बागेत मोकळं सोडणारे लोक भेटतात, तेव्हा काय बोलावं कळत नाही.

रंग उडणं

काळं नाक गुलाबी होतंय, या तक्रारीत निरुपद्रवी गोष्टी बऱ्याच. लॅब, गोल्डन रिट्रीव्हर आणि हस्की यांचं नाक थंडीत फिकट होऊन उन्हाळ्यात परत गडद होऊ शकतं. काही कुत्र्यांना माणसासारखं कोड येतं, रॉटवायलरमध्ये विशेष. प्लॅस्टिकच्या भांड्याने काही कुत्र्यांच्या नाकाओठांवर परिणाम होतो असं म्हणतात. भांडं बदलून बघणं फुकटात होतं. आपल्या घरात स्टीलच्या ताटल्यांचा दुष्काळ नसतो.

या सगळ्यांत एक गोष्ट समान असते: रंग जातो, नक्षी राहते. कातडी शाबूत, खपली नाही, दुखणं नाही. असं असेल तर फोटो काढून ठेवा आणि निवांत राहा.

नक्षी जायला लागली की निवांतपणा संपवा. आधी शेंड्याच्या कडेला, नाकपुडीच्या आतल्या वळणावर, काळा रंग पाटीसारखा राखाडी-निळसर होतो. मग तो भाग सपाट, गुळगुळीत, ओढल्यासारखा चकचकीत दिसू लागतो. सीताफळाची साल तिथे पुसलेली असते. त्यानंतर गुलाबी जखम, वर खपली, खपली निघाली की रक्त. उन्हाळ्यात वाढतं, पावसाळ्यात जरा बरं वाटतं, पुढच्या मार्चमध्ये पुन्हा. हे चेहऱ्यापुरत्या राहणाऱ्या ल्युपसचं चित्र आहे. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच कातडीवर उलटते आणि ऊन त्या आगीत तेल ओततं. जर्मन शेफर्ड, कोली, हस्की आणि त्यांच्या मिश्र जातींत जास्त आढळतं. नावाला घाबरू नका. माणसाच्या ल्युपससारखा हा मूत्रपिंडापर्यंत जात नाही, बहुतेक कुत्रे नाकापुरता त्रास काढत आयुष्य जगतात.

पण अगदी असंच दिसणारं दुसरं दुखणं आहे: नाक आणि ओठ जिथे केसाळ कातडीला भेटतात तिथला जंतुसंसर्ग. तोही जर्मन शेफर्डलाच जास्त होतो. दोघांमधला फरक डोळ्यांनी कळत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीही पुष्कळदा फसगत होते. म्हणून जाणकार डॉक्टर आधी तीन-चार आठवडे प्रतिजैविक देऊन बघतात. नाक बरं झालं तर ल्युपस नव्हता. नाहीच झालं तर बायॉप्सी, म्हणजे भूल देऊन कातडीचा छोटा तुकडा तपासायला पाठवणं. तो तुकडा उघड्या जखमेतून नव्हे, नुकत्या राखाडी होऊ लागलेल्या कडेतून घ्यावा लागतो.

इथे माझा एक राग आहे. बायॉप्सीपर्यंत येणाऱ्या नाकांवर आधीच महिनोन्‌महिने केमिस्टकडून आणलेली ट्यूब चोळलेली असते. स्टिरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीचं औषध असं सगळं एकत्र भरलेलं ते मलम माणसांच्या गजकर्णाचं आपल्या देशात वाटोळं करून बसलंय, आता कुत्र्यांच्या नाकावर आलंय. त्यातल्या कडक स्टिरॉइडने चार दिवस नाक सुंदर दिसतं, कातडी पातळ होते, बुरशी असेल तर ती फोफावते, आणि बायॉप्सीचा निकालही धूसर येतो. शिवाय ते सगळं चाटून पोटात जातं, ते वेगळंच.

ल्युपस ठरला तर उपचार सौम्य आणि लांबणीचे असतात: संरक्षण यंत्रणेला आवर घालणारं टॅक्रोलिमसचं ०.१ टक्क्याचं मलम (हातमोजा घालून लावायचं), गरजेनुसार डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक आणि नायासिनमाइड हे ब जीवनसत्त्व. फरक दिसायला महिना-दोन महिने लागतात, तेव्हा पंधरा दिवसांत डॉक्टर बदलू नका. आणि ऊन टाळायचं. विदर्भ-मराठवाड्यात काय किंवा पुण्यात काय, मार्चपासून सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी सहानंतरच फिरवणं, गॅलरीत ऊन खात पडायची जागा बंद करणं, याने मलमाचं अर्धं काम होतं.

रंग उडण्याबरोबर डोळे लाल झाले, कुत्रा उजेडात डोळे मिटतोय, वस्तूंना धडकतोय, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अकिता, हस्की, सामोयेड या जातींत असा एक आजार आहे की संरक्षण यंत्रणा शरीरातल्या रंगपेशींवरच हल्ला करते. त्या पेशी नाकात असतात तशा डोळ्याच्या आतही असतात. डोळा सहसा आधी बिघडतो, नाक मागून गोरं होतं. उपचाराला उशीर झाला तर आंधळेपण येतं. पुण्यामुंबईत हौसेने हस्की पाळणाऱ्यांनी एवढं एक लक्षात ठेवावंच.

एका नाकपुडीची खालची कड झिजून गोरी पडली असेल, तिथून घाण किंवा रक्त येत असेल आणि नाकाला हात लावू देत नसेल, तर नाकाच्या आत बुरशी वाढत असू शकते; बाहेरची जखम त्या गळणाऱ्या पाण्याने झालेली असते. आणि महिना उलटूनही न भरणारी एकच जखम, मग ती कितीही लहान असो, कर्करोग नाही ना हे बघितल्याशिवाय सोडायची नाही.

शेंड्यामागचा केसाळ भाग

इथली यादी वेगळी. पिल्लाच्या तोंडावर, डोळ्यांभोवती खाज नसलेले टकलाचे चट्टे, तर डेमोडेक्स नावाचा किडा. तो माणसाला लागत नाही. माती उकरणाऱ्या कुत्र्याच्या नाकावर गोल, खपली धरलेला चट्टा, तर मातीतली गजकर्णाची बुरशी. ती माणसालाही लागते. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघणं ही दहा मिनिटांची तपासणी आहे, तिच्याशिवाय औषध घेऊ नका. किड्यांसाठी आता चांगल्या गोळ्या आहेत. जनावरांचं आयव्हरमेक्टिन हे किड्यांवरचं इंजेक्शन अंदाजाने टोचण्याचा प्रकार अजून चालतो, तो कोली आणि तिच्या नातलग जातींच्या जिवावर बेततो.

काल संध्याकाळपर्यंत बरं असलेलं नाक रात्रीत सुजलं, वर गाठी आल्या, रक्ताळलं, तर कुत्र्याने कुठेतरी नाक खुपसलं आणि गांधीलमाशीने किंवा कोळ्याने प्रसाद दिला, असं समजायला हरकत नाही. दिसायला भयंकर, पण योग्य स्टिरॉइडने काही दिवसांत उतरतं. दोन-तीन महिन्यांच्या पिल्लाचं तोंड असं सुजलं आणि गळ्याच्या गाठी वाढल्या तर मात्र तो निराळा आजार. त्यात नुसत्या प्रतिजैविकाने काही होत नाही, आणि वेळ घालवला तर चेहऱ्यावर कायमचे व्रण राहतात.

पगच्या नाकावरची घडी हा कोकण-मुंबईच्या पावसाळ्याचा खास विषय. घडीत अश्रू आणि दमटपणा साचतो, वास यायला लागतो. पुसण्याइतकंच कोरडं करणं महत्त्वाचं: क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाच्या ओल्या पुसणीने घडी साफ करून लगेच कोरड्या कापसाने टिपून घ्यायची.

आता खाण्याचं. भराभर वाढणाऱ्या मोठ्या जातीच्या पिल्लाच्या नाकाभोवती, तोंडाभोवती, कोपरांवर जाड खपल्या धरल्या असतील तर ताटात बघा. दूध-पोळी किंवा वरण-भात, आणि हाडं मजबूत व्हावीत म्हणून वर कॅल्शियमचं सिरप, हा आपल्या घरांतला ठरलेला मेनू आहे. धान्यातलं फायटेट नावाचं द्रव्य झिंकला (जस्ताला) बांधून ठेवतं, जास्तीचं कॅल्शियम उरलंसुरलं झिंक शोषू देत नाही. पिल्लू पोटभर खातं आणि कातडीला झिंक मिळत नाही. वाढत्या पिल्लासाठी बनवलेला संतुलित आहार सुरू करून कॅल्शियम बंद केलं की बऱ्याचदा खपल्या गळून पडतात. हस्कीत मात्र झिंक शोषून घेण्यातच जन्मजात अडचण असू शकते, त्यांना ते वेगळं द्यावं लागतं. किती, हे डॉक्टर ठरवतील. झिंक जास्त झालं तर उलट्या होतात, फारच झालं तर रक्तातल्या लाल पेशी फुटतात. त्याच कारणाने झिंक ऑक्साइड असलेली बाळांची क्रीम, कॅलामाइन आणि माणसांचं सनस्क्रीन कुत्र्याच्या नाकावर चालत नाही. बाम, निलगिरी, टी ट्री तेल, डेटॉल हेही लावायचं नाही. फिनेलने पुसलेली फरशी वाळेपर्यंत कुत्र्याला त्या खोलीत येऊ देऊ नये, कारण त्याचं नाक जमिनीपासून दोन बोटांवर असतं.

गल्लीतली नाकं

रस्त्यावरच्या कुत्र्याचं नाक एका बाजूने फुगलेलं, शिंका, आणि वारंवार रक्त, असं दिसलं की लोक मार लागला असं समजतात. कधी लागलेलाही असतो. पण आपल्याकडच्या भटक्या कुत्र्यांत एक विलक्षण कर्करोग आहे जो एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागतो, आणि तोही जंतूने नव्हे: कर्करोगाच्या जिवंत पेशीच एका अंगावरून दुसऱ्या अंगावर रुजतात. काही हजार वर्षांपूर्वीच्या एका कुत्र्याच्या पेशी आजही अशा फिरतायत. तो मुख्यतः समागमातून पसरतो, पण कुत्रे हुंगतात, चाटतात, म्हणून नाकातही रुजतो. ऐकायला भीषण, पण बरा होणाऱ्या कर्करोगांत याचा नंबर वरचा: विन्क्रिस्टिन या कर्करोगावरच्या औषधाची इंजेक्शनं आठवड्याला एक, अशी काही आठवडे दिली की बहुतेक कुत्रे साफ बरे होतात. गोचिडातून येणाऱ्या तापातही नाकातून रक्त येतं, तेव्हा रक्ततपासणी दोन्हींसाठी लागतेच.

पावसाळ्यात नाकावरच्या छोट्या जखमेत दोन दिवसांत अळ्या पडतात. तिथे हळद-चुना भरून भागत नाही. अळ्या काढणं, जखम धुणं आणि आतून औषध, तिन्ही लागतं, आणि ते प्राणिमित्र संस्थेच्या किंवा सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याच्या माणसांकडून करून घ्यावं. दुखऱ्या नाकाचा ओळखीचा कुत्राही चावतो. अनोळखी कुत्र्याच्या तोंडाला हात लावताना लाळ आपल्या ओरखड्याला लागली, तरी जागा साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी रेबीजच्या लसीसाठी दवाखान्यात जायचं.